डबा सापडेना!

माझ्या नातवाला जिओकॅशिंगचा नाद आहे. कोणी रानात डबा दडवतो, त्याचे अक्षांश-रेखांश कळवतो. आपण तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे व डबा होता तिथेच ठेवायचा. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला!

गेल्या हिवाळ्यात आम्ही येरुहामजवळच्या मोठ्या मख्तेशात गेलो. "सबा, फोन आहे की!" म्हणून तो माझ्या जाडजूड यंत्राला हसला. दुपारी फोन निजला. माझे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालते, हातमोज्यांनीही बटणे दाबता येतात. पण डबा सापडेना! तासभर दगड उलथले, ऊन कलले. अखेर मीच म्हटले, चल मागे.

चूक माझीच होती. डबेवाले मिनिटांचे दशांश देतात, माझे यंत्र सेकंद मागत होते. ५६.३०० मिनिटांचे मी ५६ मिनिटे ३० सेकंद केले. हवे होते १८. बारा सेकंद म्हणजे सुमारे ३७० मीटर, आणि मध्ये नाला!

यंत्र घ्या, पण आधी ही मांडणी तपासा. कागदी नकाशाही न्या. २०२४ साली संकेत बिघडवले गेले, तेव्हा उत्तरेत फोन आपल्याला बैरूतला बसवत होते. तिथे यंत्रानेही काय करावे?

पुढच्या शुक्रवारी सकाळीच डबा सापडला. वहीत नातवाने हिब्रूत नाव लिहिले, मी मराठीत.