सिंधू लिपी वाचली म्हणे!

दर चार-सहा महिन्यांनी भाच्या-पुतण्यांपैकी कुणीतरी कळवतं, "काका, सिंधू लिपी वाचली म्हणे!" मी एवढंच विचारतो, बरोबर वाचली हे ताडून कशावरून पाहिलं? तिथे सगळं अडतं.

आपल्या यवतमाळला लागून अमरावती जिल्हा, त्यात महानुभावांचं रिद्धपूर. त्यांच्या कितीतरी पोथ्या सकळ लिपीत. बाहेरच्यांना शेकडो वर्षं वाचता आल्या नाहीत. पण आत मराठीच होती, अक्षरं तेवढी बदललेली. किल्ली मिळाली आणि पोथ्या वाचता आल्या. सिंधू लिपीत भाषा कोणती हेच ठाऊक नाही. शिवाय लेख सरासरी पाचेक चिन्हांचे!

मग हातात उरतं मोजणं. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली ४१७ चिन्हांची सूची छापली. तिच्या आधारे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया, निशा यादव आणि अमेरिकेतले राजेश राव वगैरे मंडळींनी २००९ साली हिशेब मांडला. एक चिन्ह आलं, की पुढचं कोणतं हे कितपत ठरलेलं असतं? (मराठीत नाही का, 'ळ'ने शब्द सुरू होत नाही!) उत्तर आलं, क्रम अगदी मोकळा नाही, अगदी बांधलेलाही नाही, भाषांसारखा मधला. ही चिन्हं म्हणजे भाषेचं लेखनच नव्हे, असं २००४ साली मांडणाऱ्या फार्मर, स्प्रोट, विट्झेल या मंडळींना मात्र हे पटलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने उकल करणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर केले. त्यामुळे असे निरोप वाढणारच. प्रत्येकाला त्यात आपलीच भाषा हवी असते. पण मोजून क्रम कळतो, अर्थ नाही. वर्गात मी सांगायचो, उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवा, मनचं लिहू नका. तूर्त इथेही तेच बरं.