‘सगळं चालू आहे ना भाऊ, पाहून घ्या!’



मी दृष्टिहीन आहे. वाशिम जिल्ह्यात सामाजिक काम करतो. समाजशास्त्रात एम.ए. केले ते स्क्रीन रीडरच्या भरवशावर. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर आवाजात वाचून दाखवते. हा लेखही मी ऐकत ऐकतच लिहिला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्या सुमारास मी एका दुकानातून विंडोज ११ टाकून घेतले. संगणक घरी आणून सुरू केला, तर पासवर्डच्या पडद्यावर शांतता. दुकानात फोन केला. उत्तर मिळाले, “सगळं चालू आहे ना भाऊ, पाहून घ्या!”

विंडोज, कंट्रोल आणि एन्टर ही बटणे एकत्र दाबल्यावर नॅरेटर बोलू लागला, पण इंग्रजीत. एका योजनेचे मराठी पत्रक उघडले. त्या इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नाही, तो ती अक्षरे सोडून देतो. मला ऐकू आले फक्त मधले इंग्रजी शब्द आणि संकेतस्थळाचा पत्ता. माझा नेहमीचा मराठी आवाज नव्या आवृत्तीशी जुळेना. शेवटी एनव्हीडीएसोबत मोफत येणारा ई-स्पीक कामी आला. खरखरीत आहे, पण मराठी वाचतो.

यात चार दिवस गेले. त्या दिवसांत बँकेचा पासवर्ड शेजारच्या मुलाला सांगावा लागला. मुलगा भला आहे. पण दुसऱ्याच्या भलेपणावर आपला व्यवहार चालणे, याला हक्क म्हणत नाहीत.

इथे महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी आपल्या माणसांना पाणी मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. अस्पृश्यता आणि अंधत्व एक नव्हे. तिथे माणसाला हाकलले जात होते, इथे तो कुणाच्या ध्यानातच नसतो. पण कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४२ म्हणते की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल यासाठी सरकारने उपाय करावेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तरीही स्कॅन केलेली जाहिरात पीडीएफ म्हणून टाकली जाते. स्क्रीन रीडरला तो नुसता फोटो असतो. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी ऐकली, तर निरर्थक अक्षरांचा पाऊस पडतो.

यात वर्गाचा प्रश्नही आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सेकंड-हँड संगणकावर शिकणाऱ्या पोराने ती कुठून आणायची? जॉजसारख्या स्क्रीन रीडरला हजारो रुपये पडतात. मोफत एनव्हीडीए आहे, कारण मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो स्वतः लिहायला घेतला. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण सोबत आला. ज्यांचा प्रश्न होता, त्यांनीच हत्यार घडवले.

आता आपल्या चळवळीकडे येतो. आपण समतेवर बोलतो, पण सभेची पत्रिका, ६ डिसेंबरचे आवाहन, मोर्चाची वेळ, सगळे चित्रात पाठवतो. माझ्या फोनवर ते फक्त ‘फोटो’ म्हणून येते. माझ्यासारखा कार्यकर्ता मग कुणाला तरी विचारत बसतो.

म्हणून तीन गोष्टी करा. चित्रासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये टाका. निवेदन देताना अधिकाऱ्याला विचारा, तुमचे संकेतस्थळ अंध माणसाकडून तपासून घेतले का? आणि आपल्या वाचनालयातल्या एका तरी संगणकावर एनव्हीडीए बसवा. एक रुपया लागत नाही. येत्या १४ एप्रिलच्या पत्रिकेपासून सुरुवात होऊ द्या.