धारेचं पाणी

संपादकांनी हातघडणीच्या सुऱ्यांच्या संग्रहावर लेख मागितला, तेव्हा माझ्या टेबलावर निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा कलमाचा चाकू पडून होता. त्यांच्या वडिलांनी लोहारासमोर बसून आपल्या पंजाच्या मापाने तो घडवून घेतला होता. पातं एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने उतरतं. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी बसवायची, तर पाचरीचा काप सपाटच हवा. तो लहरला की सालीखालचे वाढीचे थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम वाया जातं.

यंदा ऑगस्टात कलमं सुरू होण्याआधी कुणीतरी तो ग्राइंडरवर धरला. धार लागली, पण कडेला निळी झाक उमटली. ती अजून माझ्या डोळ्यांत सलते.

लोहार पातं 800 अंशांच्या वर लालभडक तापवून तेलात बुडवतो, म्हणजे पाणी देतो. पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून 200 अंशांच्या थोडं वर पुन्हा तापवायचं आणि गव्हाळ रंग दिसताच थांबायचं. निळा रंग 300च्या सुमारास येतो. तिथे कडकपणा उतरलेला असतो. पातळ कडेला हे क्षणात घडतं.

हे कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘दमास्कस’ पोलादाबद्दल. आज त्या नावाने खपणाऱ्या सुऱ्यांत दोन जातींच्या पोलादाचे पत्रे घड्या घालून एकत्र ठोकून आम्लाने नक्षी उठवलेली असते. मूळ दमास्कस पात्यांचं, म्हणजे दक्षिणेतलं, तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतलं मुशीतलं पोलाद वेगळं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, आणि जौहर, म्हणजे लाटांसारख्या रेघांची नक्षी, पोलादाच्या आतच जमलेली. धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि पाती घडवणारे पेंड्रे यांनी 1990च्या दशकात दाखवलं, की व्हॅनेडियमसारख्या धातूंचा नुसता अंश त्या रेघांना पुरतो. घड्या घातलेली सुरी वाईट नव्हे, माझ्याकडेही आहेत. पण नक्षी कापत नाही. कापतं ते कडेचं पाणी.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर रमणारे लोक माझ्या सुऱ्यांच्या कपाटासमोर कायद्याच्या शंकेने बिचकतात. शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरकामाच्या नि शेतीच्या हत्यारांना त्यातून वगळलेलं आहे. माझ्या सुऱ्या भाजी चिरतात, कलमं करतात. न वापरलेल्या सुरीची पारख होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

त्या चाकूवर मी कानस फिरवून पाहिली. कडेला ती चावते, दोन मिलिमीटर आत घसरते. म्हणजे आतलं पाणी शाबूत आहे. मूठ काढून नव्याने पाणी दिलं, तर पात्याची रुंदी वाचेल, पण त्या लोहाराने दिलेलं पाणी पुसलं जाईल. पातळ पातं वाकण्याची भीतीही आहेच. बराच काळ ठरत नव्हतं. आता निळा भाग ओल्या सहाणेवर, हाताने, उतरवायला घेतला आहे. पातं थोडं अरुंद होईल. पुढच्या ऑगस्टात कलमाला मात्र ते चालेल, आणि मालकांनाही तेच हवं आहे.