गणित मंडळ काढतेस, तर…

रिद्धपूर

चि. छकुलीस,


तुम्ही पोरापोरींनी अमरावतीला विद्यापीठात गणित मंडळ काढायचं ठरवलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. आपल्याकडे मंडळ निघालं की आधी कार्यकारिणी होते, मग अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे. २२ डिसेंबरला रामानुजनच्या फोटोला हार, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, प्रश्नमंजूषा, अल्पोपाहार. पुढचा डिसेंबर येईपर्यंत फळा कोरा. तसलं मंडळ काढायचं असेल तर काढूच नकोस.

ज्याला हार घालता त्याचंच बघ ना. १९०७ साली रामस्वामी अय्यर नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने गणिताचं वेड असलेली माणसं गोळा केली. परदेशी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालाने एकमेकांकडे फिरवायची, एवढाच बेत. पुस्तकं ठेवली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. पुढे त्याचीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली, आणि रामानुजनचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये छापला तो तिच्याच नियतकालिकाने. तेव्हा हाराचे पैसे वाचवा आणि पुस्तकं घ्या.

पहिल्या बैठकीला भाषण ठेवू नकोस. फळ्यावर तुमच्या विद्यापीठाचं स्थापनावर्ष लिही, १९८३. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांड, मग चढत्या, आणि वजाबाकी कर. ९८३१ वजा १३८९, उरले ८४४२. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येते. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे १९४९ साली मांडलं. आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या लेखकाने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कापरेकर ठाऊक झाले.

इथवर सगळे टाळ्या वाजवतील. मंडळ सुरू होतं ते त्यानंतर, एखादं पोट्टं "काहून?" म्हणून विचारतं तेव्हा. लगेच उत्तर देऊ नकोस, भांडू दे त्यांना. अर्ध्या तासाने कुणाला तरी दिसेल की येणारी वजाबाकी म्हणजे ९९९ गुणिले सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक, अधिक ९० गुणिले मधल्या दोन अंकांतला फरक. म्हणजे दहा हजार संख्या तपासायची गरजच नाही. फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. त्या हाताने तपासता येतात, वहीच्या दोन पानांत. ५४ कशा, हे मी सांगत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. तुझ्या वर्गात खेड्यातून आलेल्या पोरी आहेत. मराठीत शिकल्या, आणि कॉलेजात इंग्रजी पुस्तक समोर आल्यावर गप्प झाल्या. त्यांना डोकं नाही असं मास्तरांना वाटतं, आणि पुढे त्यांनाही तसंच वाटू लागतं. महानुभाव पंथातले केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं होतं, माझ्या म्हाताऱ्या यात नागवल्या जातील म्हणून. तुझ्या मंडळात सिद्धता मराठीतच सांगितली जावी, वऱ्हाडीत आली तर आणखी बरं. 'इंटिग्रल', 'मॅट्रिक्स' खुशाल म्हणा. पण 'म्हणून' आणि 'कारण' या शब्दांना कुणी अडखळता कामा नये.

आणि हो, आपल्या गावाकडेही जरा गणिताच्या डोळ्याने बघ. इथे वाजेश्वरीला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, इ. स. १२७८ च्या सुमारास. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्याबरोबर वावरलेल्या माणसांना गाठून त्यांनी लीळा गोळा केल्या, आणि कोणी काय वेगळं सांगितलं तेही नोंदवलं. कशावरून, हे विचारल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस होता तो. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. मराठीची ३४ व्यंजनं अशी आपापसांत किती प्रकारे बदलता येतील? उत्तर ३९ अंकी आहे. एकेक प्रकार तपासायला माणसाचा जन्म काय, युगंही पुरायची नाहीत. तरीही असली लिपी फुटू शकते, कारण भाषेत सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात येत नाहीत. नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-किंदीने हे लिहून ठेवलंय. तुम्ही वर्तमानपत्राचं एक पान घेऊन मराठी अक्षरं मोजा, कोण जास्त येतं ते काढा, मग एकमेकांना सांकेतिक चिठ्ठ्या लिहा आणि फोडा. कोणत्याही प्रश्नमंजूषेपेक्षा याला पोरं जास्त जमतील.

बैठक दुपारी ठेव. संध्याकाळी ठेवलीस तर एसटी गाठणाऱ्या पोरी येणार नाहीत, आणि मंडळ होस्टेलवाल्यांचं होऊन बसेल. माधव गणित स्पर्धेला बसायचं तर जरूर बसा, पण मंडळाचा शिकवणी वर्ग करू नका.

दिवाळीआधी एका रविवारी सगळ्यांना घेऊन रिद्धपूरला ये. इथे आता मराठी भाषा विद्यापीठही झालंय. भाषेचे आणि गणिताचे विद्यार्थी एका फळ्यापुढे बसवून बघू. पोथ्या पाहायच्या तर मठात आधी विचारावं लागेल, ते माझ्याकडे लागलं. किती जण येणार तेवढं आठ दिवस आधी कळव.

तुझा,
मामा