कबनूरचे चार माग

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, पन्हाळा पाहतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि घरची वाट धरतो. कबनूरला सहसा कोणी जात नाही. हातकणंगले स्टेशनावर उतरून इचलकरंजी गाठावी. त्या शहराला लागूनच हे गाव आहे. ते डोळ्यांआधी कानांना भेटते. खटाखट, खटाखट! यंत्रमागांचा हा आवाज इथल्या लोकांना ऐकूच येत नाही म्हणे. वीज जाऊन तो थांबला, की मात्र ते दचकून जागे होतात!

या खटाखटीची सुरुवात 1904 सालची. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढे हे माग आसपासच्या गावांतही पसरले.

मी उतरलो होतो त्या घरी मात्र चार साधे माग कित्येक वर्षे मुके उभे होते. चिरंजीव म्हणत, ''आबा, भंगारात घालूया. जागेचं भाडं तरी येईल.'' आबा काही बोलत नसत. सकाळी उठून मागांवरची धूळ तेवढी पुसत. अखेर एका वयस्क जॉबरला बोलावणे गेले. जॉबर म्हणजे मागांचा वैद्यच!

मामांनी आधी सांगाड्यावर हातोडी वाजवून पाहिली. बिडाचे लोखंड धड असले तर घंटेसारखे वाजते, तडा असला तर बद्द आवाज देते. दोन माग बद्द वाजले. मग त्यांनी हातचाक फिरवून क्रँक शाफ्ट पाहिला, दात्यांची झीज बोटांनी चाचपली. तिसऱ्याचा शाफ्टच वाकलेला निघाला. चौथ्याजवळ ते बराच वेळ थांबले.

''ह्याचं लोखंड जित्तं हाय, लाकूड तेवढं थकलंय,'' मामा म्हणाले. धोट्याला फटका देणारी काठी, धोटा, चामडी पट्टे ही सारी झिजण्यासाठीच केलेली असतात. ती बदलता येतात. बाकीचे सुटे भाग उरलेल्या तिघांतून काढायचे.

''पण चालवून मिळणार काय?'' चिरंजीवांनी विचारले. प्रश्न रास्त होता. साधा माग मिनिटाला शे-दीडशे आडवे धागे टाकतो. एअरजेट माग सहाशेच्याही पुढे जातो. साध्या कच्च्या कापडात त्याच्याशी शर्यत लावणे म्हणजे बैलगाडीने एक्स्प्रेस गाठणे!

पण धोट्याच्या मागाचा एक गुण नव्या यंत्रांत नाही. धोटा या कडेपासून त्या कडेला जाऊन परततो, तेव्हा धागा अखंड वळतो आणि किनार आपोआप पक्की होते. बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक आडवा धागा कापला जातो. किनार वेगळी बांधावी लागते. जपानात ओकायामाकडे याच किनारीसाठी टोयोडाचे जुने माग अजून राखले आहेत आणि त्यावरचे डेनिम जगभर चढ्या भावाने खपते. आपल्याकडे धोतर-लुंगीला पक्की किनार हवीच असते.

''आणि हे बिघडलं तर?'' चिरंजीवांनी पुन्हा विचारले.

मामा हसले. ''माझ्यामागं ह्यो आवाज वळखणारं कोण हाय? तू शिकतोस का बोल. न्हाईतर आत्ताच इका.''

खरी मेख इथे होती. लोखंडाची परीक्षा घटकाभरात झाली. माणसाची व्हायची होती. चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग उठले आणि मामांच्या हातातला पाना त्यांनी घेतला.

तीन माग भंगारात गेले. त्यांचे धड भाग अंगावर घेऊन चौथा उभा राहिला. माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी त्याने वीतभर कापड विणले आणि धागा तोडला. आबा जागचे हललेही नाहीत. तुटलेला धागा चिरंजीवांनी सांधला. गाठ जरा जाडच झाली होती. मामांनी ती सोडवून पुन्हा बांधायला लावली.