जुनं आणि नवं जिथे भेटतं

गोंदिया

चि. राणी,


तुझं पत्र पोचलं. अभ्यासासाठी आपल्या भागातलं खेड्यातलं अँग्लिकन चर्च हवं म्हणतेस, शेताच्या कडेला, दगडी मनोऱ्याचं, भोवती जुन्या कबरी असलेलं. तसलं चर्च आपल्या धानाच्या बांध्यांत शोधत बसू नकोस. इंग्लंडात पॅरिश म्हणजे गावाची शीवच. गाव वसलं तसं चर्चही वाढलं. आपल्याकडे ते आलं पलटणीच्या, रेसिडेन्सीच्या आणि कचेरीच्या मागोमाग. तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईहून घरी येताना नागपूरला उतर आणि सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल बघ. आज नाव मोठं आहे, पण मूळचं ते साहेबांच्या वस्तीपुरतं साधं चर्च.

ते बांधल्याचं साल बघ, 1851. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. ते गेले डिसेंबर 1853 मध्ये, आणि 1854 ला डलहौसीने राज्य खालसा केलं. म्हणजे राज्य जायच्या आधीच चर्च उभं होतं. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर खरी सत्ता कुणाच्या हाती गेली होती, हे मला या एका सालातून जेवढं कळतं तेवढं पुस्तकांतून कळलं नव्हतं.

पुढे 1861 ला नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1867 ला मुंबईची रेल्वे आली, 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शहर फुगलं, आणि 1879 मध्ये चर्चही वाढवलं गेलं. ते काम जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचं. तू रोज राजाबाई टॉवरखालून जातेस ना, त्याचे वास्तुकार गिल्बर्ट स्कॉट. बॉडली त्यांचेच शिष्य. गुरूंनी भारतात पाऊल न ठेवता मुंबईच्या विद्यापीठाचे नकाशे काढले, आणि शिष्याच्या हातचं काम आपल्या नागपुरात आहे! आपल्या माणसांना हे ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अफगाण चर्च बघायला लोक मुद्दाम कुलाब्याला जातात, जावंच. पण सदरमधून रोज जाणारा मान वर करून बघत नाही.

तिथे गेलीस की आधी जुनं बांधकाम आणि वाढवलेलं बांधकाम यांचा सांधा शोध. दगडाची घडाई कुठे बदलते, चुन्याची रेघ कुठे जाड होते, खिडकीचं प्रमाण कुठे वेगळं पडतं, हे बोट फिरवून बघ. अट्ठावीस वर्षांचं नागपूर त्या सांध्यात आहे. तुझं मुख्य चित्र त्याचंच असू दे, दर्शनी भागाचं नको. तो फोटो कुणीही काढील.

चर्चचं गॉथिक बांधकाम समजायला अवघड वाटलं तर आपल्या गोंदियाजवळचं नागऱ्याचं महादेवाचं देऊळ आठव. हेमाडपंती कामात दगडावर दगड बसतो, खांबावर आडवी तुळई येते, आणि सगळा भार सरळ खाली जातो. कमानीचं तसं नाही, ती भार बाजूला ढकलते. कमान टोकदार केली की ढकल कमी होते, तरी उरतेच. म्हणून गॉथिकमध्ये भिंतीला बाहेरून धिरे द्यावे लागतात. आतली मांडणी मात्र तुला ओळखीची वाटेल. लोकांनी बसायचा लांब भाग आपल्या सभामंडपासारखा, आणि त्यापुढे वेदीचा भाग. रूढीप्रमाणे वेदी पूर्वेला असते. नागपूरला होकायंत्र लावून तपास.

1902 ला नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि हे चर्च कॅथेड्रल बनलं. पहिले बिशप आयर चॅटर्टन. त्यांनी 1916 मध्ये गोंडवानाच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपण गोंदियाची माणसं, तेव्हा ते वाचायलाच हवं. राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाच.

आणि एक तारीख वहीत ठळक लिही: 29 नोव्हेंबर 1970. त्या दिवशी याच कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन होते, तसे बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरनही होते. कुणी लहानपणीच पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे, कुणी जाणत्या वयातच पाण्यात बुडवून देणारे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा मतभेद, पण दोन्ही रीती मान्य करून ते एका चर्चमध्ये आले. मला या वास्तूचा सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो. म्हणून तुझ्या प्रबंधात ‘अँग्लिकन चर्च’ लिहिशील तिथे 1970 पर्यंतचं, असं स्पष्ट म्हण.

रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा टेप घेऊन मध्येच जाऊ नकोस. आधी पाळकांना भेटून रीतसर परवानगी घे, फोटोचंही विचार. भिंतीवर स्मृतिशिला दिसल्या तर नावं आणि सालं जशीच्या तशी उतरवून घे. मग इंटरसिटीने घरी ये. नागऱ्याला आपण दोघं जाऊ, खांबांची मापं तुला तिथेही लागतील.

तुझा,
काका