एकचाकी

चाकाला जोडीदार असलाच पाहिजे, हा समज बैलगाडीपासून मोटारीपर्यंत इतका रूढ झालेला आहे की, एकाच चाकावर बसून रस्त्याने चाललेला मनुष्य दिसला म्हणजे पाहणारास तो एक तर सर्कशीतून पळालेला विदूषक वाटतो, नाही तर त्याच्या वाहनाला नुकताच अपघात झाला असावा अशा कल्पनेने त्याची दया येते. माझ्या वाट्याला हे दोन्ही आलेले आहे. चाळीसगावच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने, "दुसरं चाक कोठे टाकी उना रे भो?" अशी मोठ्या मायेने केलेली चौकशी मला अद्याप आठवते. मी हसून वेळ मारून नेली. कारण खरे उत्तर द्यावयाचे तर त्या सद्गृहस्थास भर उन्हात उभे करून सायकलीचा सबंध इतिहास ऐकवावा लागला असता.

तो इतिहास मनोरंजक मात्र आहे. १८७०च्या दशकात इंग्लंडात जेम्स स्टार्ली प्रभृती कारागिरांनी जी उंच सायकल प्रचारात आणली, तिचे पुढचे चाक छातीइतके उंच, मागचे केवळ नावापुरते, आणि पायडले पुढच्या चाकाच्या कण्यालाच जखडलेली असत. वेग एकाएकी रोखला की मागचे चाक अधांतरी उचलले जाई आणि स्वार पालथा पडे. परंतु काही चतुर स्वारांनी तोल सांभाळून पाहिले, आणि ते पोरके चाक नसले तरी आपले काही अडत नाही असे त्यांच्या ध्यानी आले. एकचाकीचा उगम असा मानतात. पुढे १८८५ मध्ये याच स्टार्लीच्या पुतण्याने साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल आणली, त्यानंतर पाय थांबले तरी चाक फिरत राहील अशीही युक्ती रूढ झाली, आणि सायकलस्वारास उतारावर स्वस्थ बसण्याची मुभा मिळाली. सर्वसाधारण एकचाकीने ही मुभा आजतागायत घेतलेली नाही. तिच्यावर पाय थांबले की चाक थांबते, आणि चाक थांबले की बहुधा स्वार जमिनीवर असतो.

महाराष्ट्राला तिचे दर्शन घडले ते तंबूत. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली देशी सर्कस उभी केली, तेव्हा ते स्वतः अश्वविद्येत निष्णात असल्यामुळे तेथे मान घोड्यांचा होता. सायकलींच्या कसरतींना भाव आला तो पुढच्या पिढ्यांच्या सर्कशींत. मीही लहानपणी आमच्या गावच्या मैदानात उतरलेल्या एका सर्कशीतच प्रथम एकचाकी पाहिली. झगमगीत पोशाखातील एक मुलगी डोक्यावर बशांची चळत तोलून रिंगणात फेऱ्या मारीत होती. टाळ्या कडकडाटाने पडत होत्या, आणि मला मात्र राहून राहून वाटत होते की, ही बिचारी कोठेच जात नाही! वाहन म्हणून जन्माला आलेली वस्तू त्याच त्या रिंगणात कोंडून ठेवण्यात काही तरी अन्याय आहे, ही माझी समजूत तेव्हाची असून वाढत्या वयाबरोबर ती पक्कीच होत गेली आहे.

महाविद्यालयात असताना मला माझी पहिली एकचाकी मिळाली, ती विकत घेतलेली नव्हे. स्टेशन रस्त्यावरच्या एका सायकलमिस्त्रींनी, ज्यांना सारे गाव चाचा म्हणत असे, मोडीत निघालेल्या सायकलीचा चिमटा घेऊन, लेथवर एक आस कातून, त्यावर कॉटरच्या खिळीने क्रँक बसवून ती सिद्ध केली. माल सुपूर्त करताना ते म्हणाले, "हाताला काही नाही, म्हणून डोळे पुढे ठेव. खाली पाहशील तर खालीच येशील." तोल शिकण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. शरीर पुढे झुकते, म्हणजे वस्तुतः पडू लागते, आणि पाय चाकाला त्या पडत्या शरीराखाली लगबगीने नेऊन पोचवतात. उजवीडावीचा हिशेब कंबर सांभाळते. आणि शरीराचा भार पायांवर न ठेवता सीटवर टाकला तरच हे सारे जमते. शाळेच्या कुंपणाचा गज धरून मी ते शिकलो. त्या दिवसांविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही; गुडघे सर्वांचेच फुटतात.

खरा आनंद गावाबाहेर पडल्यावर सुरू झाला. स्वार ताठ बसलेला, दोन्ही हात मोकळे, नजर कुंपणांच्या वरून जाणारी, आणि गती पायी चालणारापेक्षा थोडीच अधिक. शिवार पाहण्यास याहून उत्तम आसन मला ठाऊक नाही. दिवाळीनंतर कपाशीची बोंडे उकललेली असतात, सकाळच्या गारठ्यात दक्षिणेकडे सातमाळ्याची रांग निळसर उभी असते, अशा वेळी पाटणादेवीचा रस्ता धरावा. चाळीसगावाहून अंतर सुमारे १८ किलोमीटर. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सांगितल्याप्रमाणे व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की सूक्ष्म परीघ येतो. त्या हिशेबाने माझ्या २४ इंची चाकाचा एक फेर सव्वासहा फुटांहून किंचित अधिक भरतो, म्हणजे देवीच्या पायरीपर्यंत पायडलांचे सुमारे ९,४०० फेर, आणि त्यांतला एकही फुकट नाही.

याच चाळीसगावात एका चाकाची निराळी कथा घडलेली आहे, आणि ती मला वाटेतल्या प्रत्येक मोरीवर आठवते. १९२९ साली मुंबई सरकारच्या चौकशी समितीच्या कामाने खानदेशात आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावी उतरले, तेव्हा अस्पृश्यांच्या पाहुण्याचा टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. सवय नसलेल्या हाती लगाम गेला, मोरीवरच्या दगडांत चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला, आणि घोडा टांग्यासह नदीत गेला. दोष त्या दगडांचा नव्हता, हाकणाऱ्याचाही नव्हता. वाहन हाकण्यास दुसऱ्याची मर्जी लागू नये, ही गोष्ट किती मोलाची आहे हे चाळीसगावकराने तरी विसरू नये.

पाटणास पोचल्यावर मी चाक झाडाला टेकवतो आणि चांगदेवाच्या शिलालेखाचे स्मरण करतो. भास्कराचार्यांच्या या नातवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ काढला, आणि १२०७ च्या सुमारास त्यास जी दाने मिळाली त्यांची नोंद दगडावर कोरून ठेवली. तिच्या अखेरच्या मराठी भागात प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे अशी तजवीज आहे. तेलाचा असा पक्का बंदोबस्त पाहून मला त्या मठाचा हेवा वाटतो. आणि येथेच भास्कराचार्यांचे ते स्वयंवह यंत्रही आठवते: हलक्या लाकडाचे चाक, त्याच्या पोकळ आऱ्यांत निम्मा निम्मा पारा, आणि आसावर ठेवताच ते आपोआप फिरत राहावे ही अपेक्षा. असे चाक फिरत नाही, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. पण आठशे वर्षांपूर्वीच्या त्या महापंडिताला चाक आपण होऊन फिरावे असे वाटले, आणि मी अशा चाकावर बसून त्यांच्या नातवाच्या गावास आलो की जे क्षणभरही आपण होऊन फिरत नाही!

तेल निघालेच आहे, तर निगेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण एकचाकीचे आयुष्य स्वारीत जितके जाते तितकेच पाना हाती घेऊन जाते. पहिली गोष्ट, डावे कोणते नि उजवे कोणते याचा घोळ करू नये. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. चाक फिरवून बसवले की चालवता चालवता दोन्ही पायडले सुटू लागतात, आणि आटे एकदा गेले की क्रँक भंगारात जाते. दुसरे, क्रँक ढिली झाल्याचा टकटक आवाज आला की त्याच ठिकाणी उतरावे. ढिल्या क्रँकवर चालवत राहिल्यास आसाचे चौकोनी टोक घासून तिचे भोक मोठे होते आणि मग कितीही आवळा, ती बसत नाही. चाचांच्या कॉटरचा हाच जाच होता. तिसरे टायर: पायडलांच्या ठराविक स्थितीतच जोर लागत असल्यामुळे ते दोनच ठिकाणी झिजते, यास्तव मधूनमधून हवा काढून रिमवर पाव फेर सरकवावे. तारा सैल पडल्या की चाक डुलते. आउट काढणारा मिस्त्री अजून गावात आहे, ही परमेश्वराची कृपा. डांबरी रस्त्यावर हवा कडक, शेतवाटेवर नरम. सराटे आणि बाभळीचे काटे यांच्यावर मात्र उपाय नाही, पंक्चरचे सामान जवळ बाळगावे. पावसाळ्यात काळी माती चिमट्यात अशी ठासून बसते की चाक जागच्या जागी थिजते, म्हणून मृग लागला की यंत्राने घरीच राहावे, छऱ्यांना ताजे ग्रीस मिळावे, आणि सीटचे पुढचे टोक, ज्याने दर वेळी पडताना जमीन अंगावर घेतलेली असते, ते शिवून घ्यावे. कन्नडच्या घाटाचा, म्हणजेच औट्रम घाटाचा, मोह तरुणांना होतो. तेथे उतारावर ब्रेकचे सारे काम गुडघ्यांना करावे लागते, आणि मागून वाहनांची रांग असते. माझा त्यास स्पष्ट विरोध आहे.

नोकरीच्या काळात चाचांची ती एकचाकी पडवीत खुंटीला टांगलेली राहिली. निवृत्तीनंतर पुतण्याने दिलेले नवे यंत्र, बंद बेअरिंगचे आणि बिनकॉटरचे, आता मी चालवतो, सावकाश आणि सकाळीच. दरम्यान जगाने या वस्तूस तंबूबाहेर काढलेले आहे. १९८२ पासून तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. अलास्कात जॉर्ज पेक आणि कॅनडात क्रिस होम यांनी ती डोंगरवाटांवर नेली. आणि जपानच्या प्राथमिक शाळांच्या पटांगणात एकचाक्यांची रांग मुलांची वाट पाहत उभी असते.

खानदेशातील शाळांना पटांगणांची वाण नाही, आणि गजांच्या कुंपणांचीही नाही. चालकमंडळींना माझी विनंती एवढीच की, क्रीडासाहित्याच्या पुढील मागणीपत्रकात दोन एकचाक्यांचा समावेश व्हावा, सोबत एक पाना आणि ग्रीसचा डबा मागवावा, आणि शिकवण्यास कोणी न मिळाल्यास मला निरोप द्यावा. सकाळी मी मोकळा असतो.